अनुभवाचे मोजमाप



स्मृतिव्याख्यानासाठी मी एका खेळाचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु कोणत्याही शिक्षकाचे आयुष्य ज्या प्रश्नाभोवती फिरते, तोच प्रश्न या खेळाच्या मुळाशी आहे : मनुष्य अनुभवातून शिकला, हे ओळखायचे कसे? अमेरिकेतील काही खेळकर्त्यांनी त्याचे उत्तर फाशांच्या आणि आकड्यांच्या भाषेत शोधले. त्यांची उत्तरे तपासून पाहावीत, एवढाच आजचा हेतू आहे.

आपल्या परिचयाच्या पटावरील सोंगटी कितीही वेळा मारली गेली तरी काही शिकत नाही. बुद्धिबळातील प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की वजीर होते खरे. पण डाव संपला की पेटीत पुन्हा प्यादेच जाते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि खेळातील पात्राला आठवण लाभली. या खेळात पट गौण असतो. काही मंडळी टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक अशी एकेक भूमिका घेतात. बोलण्यातून कथा पुढे सरकते आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. बैठक उठली तरी पात्र संपत नाही. पुढच्या खेपेस ते मागील सर्व संचित घेऊन येते. हे संचित कागदावर मांडण्यासाठी ‘अनुभवगुण’ आले. ठरावीक गुण साठले की पात्र वरच्या पातळीवर चढते.

आता हे गुण कशाचे? आरंभीचा नियम असा की, भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या एका सुवर्णमुद्रेमागे एक गुण. राक्षस मारल्याचेही गुण होते. पण १९७५ च्या पुरवणीने ते बरेच घटवले. धनसंचयाला अनुभव म्हणावे, हे आपल्या कानांना खटकते. परंतु त्याचा परिणाम पाहा. खजिना हाच गुणांचा मुख्य झरा असल्याने शहाणा खेळाडू लढाई टाळू लागला, युक्ती योजू लागला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक झाला आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गुणांचा मुख्य आधार आव्हानांवर मात करणे हा ठरला. भुयार तेच, राक्षसही तेच. पण ज्याला चुकवून जायचे, त्याच्याशीच दोन हात करण्याकडे खेळाडूंचा कल वाढला. मोजपट्टी बदलली आणि तिच्यापाठोपाठ वागणूक बदलली.

१९७८ साली ‘रूनक्वेस्ट’ने निराळी वाट धरली. तेथे पातळ्या नाहीत. प्रत्येक कौशल्य शेकड्यात मोजले जाते. जे कौशल्य प्रसंगी यशस्वीपणे वापरले, त्यापुढे खूण करायची. साहस संपल्यावर शंभरापर्यंतचा आकडा देणारे फासे टाकायचे. बुद्धीनुसार मिळणारी सवलत वगळली, तर आलेला आकडा आपल्या कौशल्यापेक्षा मोठा असेल तरच वाढ होते. म्हणजे ज्याचे कौशल्य ३० आहे, त्याला शिकण्याची संधी शंभरात ७०. ज्याचे ८०, त्याला फक्त २०. नवशिक्याची झेप मोठी आणि जाणत्याची चाल मंद, हे प्रत्येक गायनशिक्षकाला ठाऊक असलेले सत्य एका फाशाने सांगितले आहे.

याच परंपरेतील १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने, प्रत्येक अनुभव मनुष्याला वरच नेतो हे गृहीतच नाकारले. त्यातील पात्रे सामान्य माणसे असतात आणि विश्वातील भयानक रहस्यांचा शोध घेतात. त्या रहस्यांचे ज्ञान जितके वाढेल, तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. ९९ मधून ते ज्ञान वजा करायचे, असा स्पष्ट हिशेब आहे. २०१२ च्या ‘डंजन वर्ल्ड’मध्ये तर फासा फसला, आकडा सहा किंवा त्याहून कमी आला, की संकट ओढवते, पण त्याच क्षणी खेळाडू एक अनुभवगुण नोंदवतो. अपयशाची नोंद जमेच्या बाजूला करणारा हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो.

आणखी एक नियम या सभागृहात सांगितलाच पाहिजे. १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात गायगॅक्स यांनी लिहिले की, नुसते गुण साठून पातळी वाढत नाही. त्यानंतर प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याची मुदत एक ते चार आठवडे. जो आपल्या भूमिकेला जागून खेळला, त्याला थोडा काळ पुरतो. जो भरकटला, त्याला अधिक काळ आणि अधिक खर्च. पुष्कळ खेळाडूंना हा नियम जाचक वाटे. मला मात्र त्यात एक मर्म दिसते : प्रसंग अनेकांवर येतात, पण त्या प्रसंगाचे ज्ञानात रूपांतर होण्यास थोडी उसंत लागते, आणि बहुधा गुरूही लागतो.

या नियमांपैकी कोणताही पूर्ण नाही. मित्र गमावल्याचे दुःख, दिलेल्या शब्दाचे ओझे, यांना गुणपत्रकात रकाना नाही. ते टेबलावरच्या संभाषणातच उमटते. तरीही त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. हे खेळकर्ते आपली मोजपट्टी उघडपणे लिहितात, तिने खेळाडू कसे वागू लागले ते पाहतात आणि गरज पडली तर ती बदलतात. आपण शाळेत गुण देतो, तेव्हा इतकी दक्षता घेतो का? पाठांतराला गुण दिले तर मुले पाठ करतील. न चुकण्याला गुण दिले तर अवघड गणिताला हात लावायचेच टाळतील. दोष मुलांचा नाही. ती आपला नियम अचूक वाचतात.

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. प्रगतिपुस्तकात एक ओळ अशी असावी की, या सत्रात विद्यार्थ्याने कोणती चूक केली आणि ती त्याने स्वतः कशी सुधारली. तिला गुण देऊ नयेत. शिक्षकांनी ती केवळ स्वतःच्या हाताने लिहावी. ज्यांच्या स्मृतीला आपण आज वंदन करीत आहोत, त्यांच्या कार्याशी हे सुसंगत ठरेल, अशी माझी श्रद्धा आहे.