नाकात नळी, पायात चप्पल

(मंडळाच्या सभागृहात ज्येष्ठ सभासद व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



मागच्या रांगेतून दर तीन-चार सेकंदांनी ‘फुस्स’ असा बारीक आवाज येतो आहे, तो आपल्या कानावर पडला असेल. सभागृहाचा पंखा बिघडलेला नाही. आमच्या बाबांच्या खांद्यावर जी पिशवी आहे, तिच्यातल्या यंत्राचा तो आवाज आहे. बाबांनी श्वास आत ओढला की यंत्र ऑक्सिजनचा एक झोत नळीतून नाकात सोडते. आजचा विषय तोच. बाबांची परवानगी घेऊनच बोलतो आहोत. त्यांची अट एकच, ‘माझी चूक सांगाल, तर तुमचीही सांगायची.’ ती मान्य करून सुरुवात करतो.

आम्ही दोघे भाऊ. त्यातला एक विजेच्या कामाची पदविका घेऊन राज्य शासनाच्या नोकरीत चिकटलेला, म्हणून बोलायला त्याला पुढे केले. पण हे सांगणे आमच्या सगळ्या घराचे आहे. आई, दोघी सुना आणि नातवंडे, सगळ्यांचा यात वाटा आहे.

बाबा इंदूरच्या कापड गिरणीत विजेच्या खात्यात होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात, त्या आपण सगळ्यांनी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिल्या आहेत. झांकीतला हत्ती सोंड हलवतो, कृष्ण मान वळवतो, चक्र फिरते. हे फिरवणाऱ्या, लपून बसलेल्या माणसांपैकी एक आमचे बाबा. गिरण्या बंद पडल्या, तरी कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. बाबांचाही छंद सुटला नाही. घरात पत्र्याच्या डब्यात छोट्या मोटारी, तारा, कथिल आणि सोल्डरिंगची कातर हे सदैव असायचे.

गिरणीतले सुताचे तूस आणि वर्षानुवर्षांची बीडी यांनी पुढे हिशेब चुकता केला. डॉक्टरांनी सांगितले, सीओपीडी. फुप्फुसातल्या श्वासवाटा अरुंद झाल्या आहेत, त्या पूर्ववत होणार नाहीत. रक्तातला ऑक्सिजन बसल्या जागी ८८ टक्क्यांच्या खाली जात होता. दिवसातून निदान १५ तास ऑक्सिजन घ्या, असे ठरले. हा १५ तासांचा आकडा कुणी मनाने काढलेला नाही. १९८० साली अमेरिकेत आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये अशा रुग्णांवर झालेले दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. जास्त तास ऑक्सिजन घेणारे जास्त जगतात, असे त्यांत दिसले.

आता चुका सांगतो. आधी आमची. यंत्र घरी आले आणि आम्ही बाबांना खुर्चीत बसवून टाकले. ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही आणतो.’ पाणी आम्ही आणायचे, पेपर आम्ही आणायचा. अंघोळीचे कपडेसुद्धा सूनबाई दारात ठेवायची. सहा महिन्यांत अशी अवस्था झाली की पलंगापासून न्हाणीघरापर्यंत गेले तरी धाप लागायची. आम्ही समजलो, आजार वाढला. डॉक्टरांनी तपासून विचारले, ‘हे दिवसभर चालतात किती?’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. ते म्हणाले, ‘फुप्फुस मी बदलू शकत नाही. पण बसून बसून पायाचे स्नायू ढिले पडले की तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन लागतो. पाय तर सुधारतात ना!’ प्रेमापोटी आम्ही बाबांचे पाय काढून घेतले होते.

बाबांची चूक म्हणजे लाज. दारावर कुणी आले की नळी काढून उशीखाली. शेजारचे ‘बाबूजी, तबियत कैसी है?’ विचारायला आले की अर्धा तास तसेच बोलत बसायचे आणि पाहुणे गेल्यावर ओठ निळसर. नाकात नळी म्हणजे आता शेवटचे, असे लोक समजतात, हा त्यांचा धसका. दोन वर्षे ते या मंडळात आले नाहीत. आपण विचारलेत तेव्हा आम्ही ‘सर्दी-खोकला आहे’ असे सांगितले. ते खोटे होते. त्याबद्दल आज क्षमा मागतो.

दुसऱ्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीला बाबा खिडकीत बसले होते. दुरून ढोलांचा आवाज येत होता. आम्ही मुलांना घेऊन निघालो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘हत्तीची सोंड अडकत अडकत हलते का, तेवढे बघून या.’ त्या रात्री आमचे झांकीत लक्ष लागले नाही. आणि पुढच्या महिन्यात आम्ही खांद्यावर नेता येणाऱ्या यंत्राची चौकशी सुरू केली.

हिशेब सांगतो, कारण आपल्यापैकी कुणाला तरी तो लागेल. घरातले मोठे यंत्र हवेतला नायट्रोजन शोषून ऑक्सिजन वेगळा काढते. आमचे यंत्र साधारण ३५० वॅटचे आहे. १५ तास चालले की रोज सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. १५० एएचच्या एका बॅटरीचा इन्व्हर्टर ते तीन तासांच्या आसपास ओढतो. म्हणून लाईट जाण्यासाठी एक भरलेला सिलिंडर घरात हवाच. खांद्यावरचे यंत्र अडीच किलोचे. बाबांच्या आकड्यावर एक बॅटरी चार तास पुरते. आकडा वाढवला की तास कमी होतात. यंत्रावरचा ‘२’ म्हणजे मिनिटाला दोन लिटर असे समजू नका. ते फक्त श्वास घेताना झोत सोडते. म्हणून विकत घेण्याआधी डॉक्टरांसमोर ते लावून चालून बघावे आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा टिकतो का ते पाहावे. रात्री झोपेत आमचे बाबा घरचे मोठे यंत्रच वापरतात. आणि आपल्या मनाने ऑक्सिजन वाढवू नका. बाबांना डॉक्टरांनी ८८ ते ९२ च्या दरम्यान राहायला सांगितले आहे. या आजारात काहींना जादा ऑक्सिजनने गुंगी येते, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. ९९ चा हट्ट नको.

चालण्याची सुरुवात घरातल्या पडवीत तीन मिनिटांनी झाली. श्वास नाकाने घ्यायचा आणि बशीतला गरम चहा फुंकतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा. उठताना, पायरी चढताना, म्हणजे जोर लावताना श्वास सोडायचा. हात डोक्यावर नेण्याच्या कामाने धाप लवकर लागते, म्हणून त्यांचे कपडे आता कमरेच्या उंचीच्या फळीवर असतात. आज ते जवळच्या बगिच्यात दोनदा बसत वीस मिनिटे चालतात. फुप्फुसाच्या तपासणीचा आकडा आहे तिथेच आहे. पेपर मात्र स्वतः आणतात.

पहिल्यांदा लांब बाहेर पडलो तेव्हा फजिती झाली. रात्री सराफ्यात जायचे ठरले. बॅटरी पूर्ण भरली आहे की नाही, हे विजेची पदविका असलेल्या माणसाने पाहिले नव्हते! परतताना गर्दीत गाडी अडकली आणि यंत्र टीं-टीं करू लागले. आम्ही घाबरलो. बाबा शांतपणे चहा फुंकल्यासारखा श्वास सोडत बसले आणि आम्हालाच धीर देत राहिले. तेव्हापासून नियम केला, अर्धी बॅटरी जाण्याची, अर्धी परतण्याची, दुसरी बॅटरी पिशवीत आणि गाडीत चार्जरची तार. बहिणीकडे पुण्याला जायचे म्हणून आम्ही चौकशी केली. विमानात आपला सिलिंडर नेता येत नाही. यंत्रासाठी आधी कळवून डॉक्टरांचा कागद द्यावा लागतो. रेल्वेच्या डब्यातल्या मोबाईल चार्जरवर तर विसंबूच नये.

आता छंदाचे. बाबांना पहिल्याच दिवशी हवी होती सोल्डरिंगची कातर. इथे आम्हाला ‘नाही’ म्हणावे लागले. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात ठिणगी पडली तर कापड, केस, सगळे झपाट्याने पेटते. नळी लावलेल्या माणसाने कातर, शेगडी, बीडी, समई, कापूर यांपासून निदान दहा फूट लांब राहावे. नाक कोरडे पडले तर व्हॅसलीनसारखे तेलकट मलमही लावू नये. बाबा आठ दिवस रुसले. मग आमच्या पुतण्याने कातर घेतली, दुसऱ्या खोलीत बसला आणि आजोबा इकडून नकाशा काढून देऊ लागले. ‘लाल तार कुठे जोडलीस, आणून दाखव.’ हात नातवाचे, डोके आजोबांचे. बाबा म्हणतात, गिरणीतही शेवटी शेवटी असेच होते, हात मुकादमाच्या पोरांचे असायचे. आरतीलाही तसेच. निरांजन आता धाकटा भाऊ धरतो. बाबा दाराशी उभे राहून झांज वाजवतात. पहिल्या दिवशी त्यांचे डोळे भरले, हे लपवण्यात अर्थ नाही. सगळेच परत मिळत नाही.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला आम्ही बाबांना राजवाड्याकडे नेले. ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर, गर्दी आणि गुलाल यांपासून बाजूला खुर्ची टाकली. गिरणीतले दोन जुने सोबती ओळखून आले. एकाने नळीकडे बघून विचारले, ‘हे काय रे?’ बाबांनी एका क्षणासाठी हात नाकाकडे नेला. आम्हाला वाटले, आता काढणार. पण त्यांनी पिशवीची चेन उघडली आणि झांकीची मोटार समजावून सांगावी तसे यंत्र समजावून सांगितले. मग हत्ती आला. बाबा म्हणाले, ‘सोंड अडकते आहे. तेल घातलेले नाही.’ बॅटरी निम्म्यावर आली तसे आम्ही उठायला सांगितले. ते म्हणाले, ‘दुसरी लावा. अजून एक बघू.’

आता मंडळाला तीन विनंत्या. दोन खुर्च्या दाराजवळ, प्लगपाशी राखून ठेवाव्यात. धूप आणि कापूर खुर्च्यांपासून लांब असावेत. आणि नळी लावलेला माणूस दिसला तर ‘अरेरे’ म्हणू नका, ‘या, बसा’ म्हणा. आपल्यापैकी कुणाच्या घरात आमच्यासारखाच ‘सर्दी-खोकला’ असेल, तर त्यांना घेऊन या.

यंदाच्या आपल्या मखरात उंदीर लाडवापर्यंत जाऊन परत येणार आहे. तो कुणाच्या नकाशावर चालणार, हे सांगायला नको. बाबांची बॅटरी अजून पाऊण शिल्लक आहे, तेव्हा प्रश्न जरूर विचारा. यंत्राबद्दलचे त्यांना, आणि विजेच्या बिलाबद्दलचे आम्हाला.

गणपती बाप्पा मोरया!