लहान शहरातील संगणक उद्योग आणि शिकण्याची सोय

तंजावरच्या मिनी टायडल पार्कचे उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. पदवीनंतर चेन्नई वा बंगळुरू गाठणाऱ्या कावेरी खोऱ्यातील तरुणांना घराजवळ काम मिळेल, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र कामाबरोबर शिक्षणही घराजवळ येते, असे मानता येत नाही.

‘अजाईल’ पद्धतीत सॉफ्टवेअर दोन-तीन आठवड्यांच्या टप्प्यांत घडते आणि काय चुकले याचा आढावा गट वरचेवर घेतो. नवखा त्यातूनच शिकतो. २००१ च्या अजाईल जाहीरनाम्याने समोरासमोरचे संभाषणच सर्वांत परिणामकारक मानले होते. निम्मा गट चेन्नईत, निम्मा तंजावरात, त्यातही काही दिवस घरून काम, अशा संमिश्र व्यवस्थेत ज्येष्ठाशेजारी बसून शिकणे दुर्मीळ होते. मग लेखी नोंदीवाचून गत्यंतर नाही. तंजावरला ही रीत नवी नव्हे. सरफोजीराजांच्या (राज्यकाल १७९८-१८३२) काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत.

अडचण वेळेची आहे. नोंदी लिहिणे आणि नवख्यांना शिकविणे हे काम बहुधा कोणत्याच हिशेबात धरले जात नाही. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या अशा पार्कमध्ये जागा देताना, आठवड्यातील काही पगारी तास शिक्षणासाठी राखण्याची अट शासनाने करारातच घालावी.