साहस कोणाचं?

हिमालयात ट्रेक केलेल्यांनी इथे ओमानमध्ये जबल शम्सचीही वाट चालून पाहावी. मी रसायनशास्त्राचा माणूस, पण एवढं सांगू शकतो की हिमालय आणि हे हजर पर्वत, दोन्हींत टेथिस महासागराच्या तळाचे खडक आहेत. नोकरीसाठी आलो खरे, पण जुन्या शेजारातच आलो म्हणा ना!

गेल्या जानेवारीत मी आणि एक मित्र अल खितैमहून निघालो. कड्याच्या पोटातून साधारण ४ किलोमीटर. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला शेकडो मीटर खोल वादी. एका अरुंद वळणावर मित्र मटकन खाली बसला. गढवालमध्ये सतत माझ्यापुढे चाललेला गडी! म्हणाला, "अरे, पाय उचलतच नाहीये." पंधरा मिनिटं बसलो. मग मी दरीच्या बाजूने आणि तो भिंतीला हात लावून, असे निघालो.

वाटेच्या शेवटी साब बनी खमीस हे ओसाड गाव आहे. पुढे आलेल्या कातळाखाली दगडी घरं, समोर शेतीच्या पायऱ्या. काही दशकांपूर्वीपर्यंत इथली माणसं, गाढवं, धान्याची ओझी त्याच वळणावरून जात-येत.

मित्र म्हणाला, "त्यांच्यातलं कोणी घाबरलं तर काय करत असतील?"

आम्हाला परतायला गाडी होती. हिमालयात तर आपलं ओझंही हमाल वाहतात, आणि फोटोखाली 'साहसी मोहीम' आपली!

येत्या ऑक्टोबरात आम्ही नेपाळला जातोय. या वेळी हमालांचा विमा, बूट, गरम कपडे यांची चौकशी आधी केली. खर्च वाढला. मित्र थोडा कुरकुरला, पण पैसे भरलेत.