मनोविकारतज्ज्ञाकडे प्रथम जाताना

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात दरवर्षी विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, वधूवरांचा परिचय होतो, मागे एकदा नेत्रतपासणीचे शिबिरही झाले. मनाच्या आजाराविषयी मात्र या व्यासपीठावरून कोणी अवाक्षर काढल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्यावरून आपल्या ज्ञातीत हा आजार नाहीच, असे कोणी समजू नये. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांस त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता हे खरे. परंतु आपल्या कृष्णेच्या पाण्यात काही निराळा गुण आहे, असे मानण्यास आधार दिसत नाही.

आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांस शिकविले, एवढीच आमची पात्रता. परंतु शाळामास्तराकडे माणसे मुलाच्या अभ्यासाची तक्रार घेऊन येतात आणि उठता उठता हळूच घरातील दुसऱ्याच कोणाविषयी विचारतात. अशा मंडळींच्या सोबतीस म्हणून सेवानिवृत्तीनंतर आम्ही मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यातील बाकावर पुष्कळ वेळा बसलो आहोत. तेथे जे पाहिले आणि डॉक्टरांकडून जे समजावून घेतले, तेवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम कोणाकडे जावयाचे ते पाहू. मनोविकारतज्ज्ञ, ज्यांस आपण सायकिॲट्रिस्ट म्हणतो, ते आधी एम.बी.बी.एस. होऊन मग या विषयाची एम.डी. किंवा डी.पी.एम. ही पदवी-पदविका घेतलेले डॉक्टर असतात. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांचा. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक हे बोलण्यातून उपचार करतात. त्यांचेही काम मोलाचे आहे, परंतु ते गोळ्या देत नाहीत. पुष्कळदा दोघांचीही गरज पडते. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत या विकारांचा बाह्यरुग्ण विभाग असतो. आणि घराबाहेर पाऊल टाकण्याचेच धैर्य होत नसेल, तर २०२२ सालापासून भारत सरकारने टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवावा. रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते.

आता भीतीविषयी. साताऱ्याकडच्या माणसाने 'सायकिॲट्रिस्ट' हा शब्द ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे येरवडा उभा राहतो. मुंबईकडे ठाणे उभे राहते, विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरी. या चार गावी सरकारची मोठी मनोरुग्णालये आहेत आणि 'याला येरवड्याला पाठवा' हे वाक्य आपण थट्टेत किती सहज उच्चारतो! वस्तुतः तज्ज्ञाकडे येणाऱ्या बहुतेकांस कोठेही दाखल व्हावे लागत नाही. खोकल्याच्या रोग्याप्रमाणे ते येतात, केसपेपर काढतात, औषध घेऊन घरी जातात. बाकावर आमच्या शेजारी बसलेल्यांत बँकेतील कारकून होते, परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली मुलगी होती, पत्नी वारल्यावर जेवण सोडलेले एक वृद्ध शेतकरी होते. ज्यांस आपण रस्त्यावर पाहून दूर होतो तशी माणसे तेथे क्वचितच दिसली.

पहिल्या भेटीस जाताना पुरेसा वेळ काढून जावे. अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक वेळ डॉक्टर केवळ विचारतात आणि ऐकतात. आपल्या लोकांस याचे नवल वाटते. 'नाडी पाहिली नाही, सुई दिली नाही, नुसत्या गप्पा मारल्या,' अशी तक्रार आम्ही ऐकली आहे. त्या गप्पा हीच तपासणी होय. वजन, रक्तदाब पाहतात. रक्तही तपासावयास सांगतात, कारण थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी माणूस उदास व सुस्त होतो, आणि शुद्ध शाकाहारी घरांत हे दुसरे विशेष आढळते. हा खर्च फुकट गेला असे समजू नये.

जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात. झोप केव्हापासून बिघडली, भूक कशी आहे, काम कधीपासून सुटले, पूर्वी असे कधी झाले होते काय. आयत्या वेळी काही आठवत नाही, आणि घरातील तिघे तीन वेगवेगळ्या तारखा सांगतात. चालू असलेली सर्व औषधे त्यांच्या पाकिटांसह न्यावी. काढे आणि चूर्णेही त्यांतच आली. दारू, तंबाखू, मिश्री यांविषयी खरे सांगावे. 'कधीतरी सणासुदीला' हे उत्तर डॉक्टरांनी इतक्या वेळा ऐकलेले असते की ते मनात त्याची चौपट करून घेतात, असे एका डॉक्टरांनीच आम्हांस हसत सांगितले.

सर्वांत अवघड प्रश्न पुढेच असतो. घराण्यात पूर्वी कोणास असा त्रास होता काय? याला आपल्या घरांतून ठरलेले उत्तर मिळते : 'छे, आमच्याकडे असले काही नाही.' चुलत आजोबा ऐन चाळिशीत घर सोडून गेले ते विरक्त झाले म्हणून. आत्या विहिरीत पडली तेव्हा तिचा पाय घसरला होता. मावशी लग्नानंतर दोन महिन्यांत माहेरी आली ती कायमची, आणि कारण विचारले की मोठी माणसे विषय बदलतात. प्रत्येक कुलवृत्तांतात अशी एखादी ओळ गाळलेली असते. डॉक्टर ती ओळ कुळाची अब्रू घेण्यासाठी विचारीत नाहीत. काही विकार रक्ताच्या नात्यांत अधिक आढळतात. शिवाय एका औषधाने भावास गुण आला असेल तर तेच बहिणीस लागू पडण्याचा संभव कधीकधी अधिक असतो. ही माहिती दडविली तर डॉक्टरांस अंधारात चाचपडावे लागते, आणि त्याची किंमत रोगी मोजतो.

डॉक्टर काही वेळ रोग्याशी एकट्याशी बोलू इच्छितात. त्या वेळी सोबतच्या माणसांनी निमूटपणे बाहेर यावे. विशेषतः सुनेला घेऊन आलेल्या सासूबाईंस हे फार जड जाते. 'माझ्यापासून काय लपवायचे आहे?' असे त्यांस वाटते. परंतु जिला सात वर्षे सासरी तोंड उघडता आले नाही, ती सासूबाईंच्या देखत काय बोलणार? तिने आत जे सांगितले ते बाहेर आल्यावर विचारू नये. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे. कोणाच्या जिवास धोका असेल, तर तो टाळण्यापुरती माहिती तेवढी सांगता येते. आपल्या कचेरीतील साहेबांस ते कळविणार नाहीत.

जीव नकोसा वाटतो काय, असे डॉक्टर स्पष्ट शब्दांत विचारतात. ऐकणाऱ्या बापाच्या पोटात धस्स होते. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. आधीच असला तर बोलून त्याचा भार हलका होतो. पोलिसांच्या भीतीनेही तो दडवू नये. याच कायद्यान्वये असा प्रयत्न केलेला मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते. त्याच्यावर खटला भरून त्यास शिक्षा करता येत नाही. शेतकरी घरांस एक सूचना आवर्जून करतो. अशा दिवसांत पिकावर फवारण्याचे औषध घरात ठेवू नये. ठेवावेच लागले तर कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याने जवळ बाळगावी. तो क्षण टळला की पुष्कळांचा जीव वाचतो.

औषधांविषयी गैरसमज फार. 'या सगळ्या झोपेच्या गोळ्या, एकदा लागल्या की सुटत नाहीत,' असे म्हणतात. काही झोपेच्या गोळ्यांची सवय लागते हे खरे, म्हणूनच जुन्या चिठ्ठीवर दुकानदाराकडून त्या परस्पर आणू नयेत. उदासीनतेवरील औषधांचे तसे नाही. त्यांचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंडास कोरड असा त्रासच आधी जाणवतो. आपले लोक नेमके त्याच आठवड्यात औषध टाकतात. दुसरे टाकतात ते बरे वाटू लागताच. बरे वाटल्यावरही सहा महिने वा अधिक काळ ते चालू ठेवावे लागते आणि थांबवावयाचे तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. लिथियम चालू असेल तर रक्तातील त्याचे प्रमाण तपासत राहावे लागते. अंगातील पाणी कमी झाले की ते प्रमाण धोक्याइतके वाढते. म्हणून निर्जळी एकादशी किंवा वारीची वाटचाल करण्यापूर्वी डॉक्टरांस अवश्य विचारावे. गर्भारपणाचा संभव असलेल्या स्त्रीने तसे आधीच सांगावे, कारण व्हालप्रोएटसारखे औषध गर्भास अपायकारक आहे. विजेच्या उपचाराचे नाव ऐकून कोणी पळून जाऊ नये. भूल दिल्यावाचून तो करण्यास कायद्याने आता बंदी आहे.

'ही सारी परकी विद्या' असे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, आपल्या सर्पगंधेच्या मुळीचा वेडावर उपयोग होतो, हे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या आपल्याच दोन वैद्यक-पंडितांनी १९३१ साली प्रसिद्ध केले होते.

देवाचे करू नये असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः नित्य पूजा करतो. परंतु भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या कायद्याने गुन्हा आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे २००१ सालच्या ऑगस्टमध्ये एका आश्रयस्थानास आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले रोगी पळूही शकले नाहीत. २८ जण प्राणांस मुकले. आपल्या ओळखीच्या एका घरचा तरुण तीन वर्षे या ठाण्याहून त्या ठाण्यावर फिरविला गेला आणि चौथ्या वर्षी तज्ज्ञाकडे आला. तो आज कामावर जातो. पण त्या तीन वर्षांत त्याचे शिक्षण सुटले ते सुटलेच.

आता जे बोलावयाचे, ते या मेळाव्यात बोलणे आम्हांस सर्वांत अगत्याचे वाटते. 'लग्न करून टाका, डोके ठिकाणावर येईल' हा सल्ला आपल्याकडे वडीलधारी माणसे देतात. लग्न हे औषध नव्हे. परिचय-पत्रात आपण गोत्र लिहितो, नक्षत्र, नाडी, आताशा रक्तगटही लिहितो, आणि गेली दोन वर्षे मुलगी गोळ्या घेते हे लिहीत नाही. मग काय होते? सासरी पाकीट कोणाच्या दृष्टीस पडेल या भीतीने ती गोळ्या माहेरीच ठेवून जाते. नवी जागा, पाहुणे, जागरणे. पंधरा-वीस दिवसांत झोप जाते, आणि मांडवाची फुले सुकली नाहीत तोच दोन घरांत वैर उभे राहते. दोष सारा तिच्या माथी येतो. गोळ्या बंद करावयास लावणारे मात्र मोकळे राहतात. मुलाच्या बाबतीतही असेच घडते, तेव्हा सोसावे लागते परक्याच्या मुलीला. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळविली, तर हिंदू विवाह कायद्यान्वये तो विवाह न्यायालयातून रद्द करून घेता येतो, हेही ध्यानात असावे.

उपचाराने स्थिर झालेल्या पुष्कळ स्त्रीपुरुषांचे संसार नीट चालले आहेत. फक्त बोलणी पक्की होण्यापूर्वी दोन्ही घरच्या जाणत्यांनी, मुलामुलीच्या संमतीने, डॉक्टरांसमोर एकदा बसावे. एखादे स्थळ त्यामुळे हातचे जाईल. जे टिकेल त्या घरात ती गोळी उघड्यावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवता येईल. वधूवर समितीने परिचय-पत्रात 'आरोग्यविषयक गोष्टी प्रत्यक्ष भेटीत सांगू' एवढी एक ओळ वाढवावी, अशी आमची सूचना आहे. ती आम्ही कार्यवाहांकडे लेखी दिली आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, आणि भोजनाची पाने मांडून झाली आहेत असे दिसते. चारचौघांत प्रश्न विचारणे ज्यांस अवघड वाटत असेल, त्यांनी भोजनोत्तर शाळेच्या मागल्या पडवीत यावे. आम्ही पाच वाजेपर्यंत तेथे बसलो आहोत. जिल्हा रुग्णालयातील या विभागाचे वार आणि वेळा एका कागदावर लिहून आणल्या आहेत, त्या उतरवून घेता येतील. सोबत हवी असेल तर आम्ही येऊ.