दहावीच्या गुणांवर डॉक्टरकी अडत नाही



दहावीला पंचेचाळीस टक्के पडले की पाड्यावरची मुलं म्हणतात, "आता कसली डॉक्टरकी!" त्यांना सांगा, एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर ठरतो. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ४० टक्के पुरतात. इंग्रजीतही उत्तीर्ण व्हावं लागतं. नीट पुन्हा देता येते, वयाची वरची अट नाही.

अडतं ते जात वैधता प्रमाणपत्रापाशी. आजोबांचा जुना दाखला शोधण्यात महिने जातात आणि प्रवेशाच्या वेळी कागद हाती नसतो. म्हणून अकरावीतच अर्ज भरून घ्या.

प्रार्थना कराच, पण प्रत्येक मंडळीने एका मुलाचं एक वर्ष उचलावं: पुस्तकं, शिकवणी आणि तालुक्याचं एसटीभाडं.