गाळलेले रकाने
(अध्यक्षीय भाषण)



या आसनावर बसवून आपण माझा जो गौरव केलात त्याबद्दल मी आभारी आहे. माझ्याहून योग्य मंडळी या सभामंडपात आहेत हे मी जाणतो, आणि तीही ते जाणतात, तेव्हा त्यावर अधिक बोलत नाही. दिवंगत सभासदांना आपण सकाळीच आदरांजली वाहिली आहे. वर्षभरातील आरमारी इतिहासविषयक लेखनाचा परामर्श अध्यक्षाने घ्यावा ही प्रथा मीही पाळावी, असे चिटणिसांनी सुचवले आहे. तिचा मान राखून आरंभ करतो, मात्र ती शेवटपर्यंत राखली जाईल अशी हमी देत नाही.

कोरियाच्या किनाऱ्यावरील जुन्या स्थळनामांचा शोध हा माझा विषय मी निवडलेला नाही. व्यापारी जहाजावरच्या नोकरीत बुसान आणि इंचन ही बंदरे माझ्या वाट्याला आली आणि त्यांनी मला सोडले नाही. या किनाऱ्याचे आरमारी दप्तर मोठे आहे. १५९२ ते १५९८ या काळात जपानने कोरियावर केलेल्या स्वाऱ्यांच्या वेळची यी सुन-सिन या आरमारप्रमुखाची रोजनिशी आणि राजाला पाठवलेले त्याचे खलिते, त्याच युद्धातल्या जपानी सरदारांच्या बखरी, १६५३ साली जेजू बेटावर जहाज फुटून अडकलेल्या हेन्ड्रिक हामेल या डच माणसाची कैफियत, १७९७ मध्ये बुसानला आलेल्या ब्रॉटनचे आणि १८१६ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या बेसिल हॉलचे वृत्तांत, आणि १८६६ व १८७१ मध्ये गांगह्वा बेटावर चालून आलेल्या फ्रेंच व अमेरिकन आरमारांचे अहवाल, एवढी यादी पुरे. जेजूला युरोपीय नकाशांत क्वेलपार्ट म्हणत, गमुन्दोला पोर्ट हॅमिल्टन, आणि अमेरिकनांनी ग्वांगसंगच्या गढीला पडलेल्या आपल्या अधिकाऱ्याचे, मक्कीचे, नाव दिले. अशी परक्यांनी लादलेली नावे उलगडणे अवघड नाही. आपल्या किनाऱ्यावर विजयदुर्गाला इंग्रज घेरिया म्हणत, ते शेजारच्या गिर्ये गावावरून. खरा तंटा आहे तो ज्यांनी स्थळांना त्यांच्याच नावाने संबोधले त्यांच्या लेखनाचा.

येथे परामर्श संपवतो आणि जे बोलण्यासाठी इतकी वर्षे थांबलो ते बोलतो.

सज्जनहो, माझी तक्रार संपादकांविरुद्ध आहे. किनाऱ्यावरचे नाव ही दर्यावर्द्याच्या लेखी एकटी, सुटी वस्तू नसते; कोणत्या दिशेने आलो, वारा कोणता होता, शिसे टाकले तेव्हा किती वाव पाणी लागले, तळाला वाळू होती की चिखल, भरती होती की सुकती, या सर्वांच्या सोबतीने ते रोजनाम्यात उतरते, आणि त्या सोबत्यांपासून तोडले की त्याचा ठावठिकाणा सांगणारा कोणी उरत नाही. छापील ग्रंथांत मात्र नेमके हेच सोबती गाळले जातात. बेसिल हॉलच्या १८१८च्या पहिल्या आवृत्तीत नाविक तपशिलाचे परिशिष्ट होते. १८२० साली सर्वसाधारण वाचकांसाठी निघालेल्या लहान आवृत्तीत ते वगळले गेले, आणि पुढे वाचली गेली ती बहुधा ही सुटसुटीत आवृत्ती. काटे काढलेला मासा ताटात सोयीचा खरा, पण तो कोणता मासा होता हे ओळखायचे झाले तर काटेच लागतात.

हा रोग जुना असला तरी मेलेला नाही. एका प्रवासवृत्तमालेसाठी एका जहाजाच्या रोजनाम्याची नक्कल मी करून दिली होती. प्रत्येक पानावर तास, वेग, दिशा, वारा असे रकाने आणि उजवीकडे शेऱ्याची रुंद जागा. मुद्रिते आली तेव्हा रकाने अंतर्धान पावले होते, आणि माझ्या हस्तलिखितावर त्यांच्यावरून निळ्या पेन्सिलीची एकच उभी रेघ ओढून समासात 'वाचकास कंटाळवाणे' असा शेरा मारलेला होता. त्या संपादकांचे नाव मी घेत नाही. ते सद्गृहस्थ होते, आणि समुद्र त्यांनी बहुधा सहलीच्या बोटीवरून पाहिला असावा.

याहून सूक्ष्म आणि म्हणून याहून घातक अपराध तिथींचा आहे. यी सुन-सिनचे सारे लेखन चांद्र तिथींनी चालते. आधुनिक ग्रंथकार तिथीचे इंग्रजी तारखेत रूपांतर करतात आणि पुष्कळदा मूळ तिथी टाकून देतात. तिच्याबरोबर भरती-ओहोटीही टाकली जाते हे त्यांच्या गावी नसते. म्यंगन्यांगची प्रसिद्ध लढाई २६ ऑक्टोबर १५९७ रोजी झाली असे वाचून मला काहीच कळत नाही. ती नवव्या महिन्याच्या सोळाव्या तिथीस झाली म्हटले की आमच्या वेंगुर्ल्याचा निरक्षर तांडेलसुद्धा सांगेल की पौर्णिमा नुकतीच झाली आहे, उधाणाचे पाणी आहे, आणि हेनाम व चिंदो यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत, जिथे प्रवाह ताशी दहा सागरी मैलांच्या आसपास धावतो, त्या दिवशी पाणी कोणाच्या बापाचे ऐकणार नाही.

काल निबंधवाचनात हाप्पोचा वाद पुन्हा रंगला. १५९२च्या पाचव्या महिन्याच्या सप्तमीस ओक्पोला जपानी जहाजे जाळल्यावर यीचा ताफा गोजे बेटाच्या उत्तर टोकाशी, यंगदुंगपोसमोर, विसाव्याच्या तयारीत असता, दुपारी तीन ते पाचच्या सुमारास शत्रूची पाच मोठी जहाजे दिसली. त्यांचा पाठलाग करून ती 'उंगछनच्या मुलखातील हाप्पो' येथे जाळली, आणि मग रात्री वल्ही मारीत ताफा छांगवनच्या हद्दीत गेला, असे खलिता सांगतो. हाप्पो म्हणताच विद्वानांची बोटे मासानकडे वळतात, कारण १२७४ साली मंगोल आणि कोरियन आरमार जपानवर निघाले ते मासानच्या जुन्या हाप्पोतून. पण मासान उंगछनच्या हद्दीत नव्हते, ते छांगवनचे. म्हणून कोरियातल्याच काही अभ्यासकांनी चिन्हे या बंदराजवळच्या वनपो येथील हाक्गे नावाच्या लहान खाडीकडे लक्ष वेधले आहे. दोन्ही पक्षांनी काल अक्षरांचा कीस पाडला. पाण्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी गोजेच्या त्या उत्तर टोकापासून हाक्गेच्या खाडीपर्यंतचे अंतर एका कोळ्याच्या होडीतून स्वतः काटले आहे. दुपार कलल्यावर निघालो. समोर चिन्हेची किनारपट्टी इतकी जवळ दिसते की पळणारे जहाज दुसरीकडे वळेल असे मनातही येत नाही. मासानला जायचे तर अंतर दुपटीच्या घरात आणि तेही आखाताच्या पोटात, जिथे शिरलेल्याला परतीची वाट एकच. त्यात सप्तमी म्हणजे भांगाचे पाणी, मरगळलेले, ओढून नेण्याची ताकद नसलेले. थकलेले वल्हेकरी आधीच एक लढाई मारून आलेले. खाडीच्या तोंडाशी कालवे फोडीत बसलेल्या एका म्हातारीला मी दुभाष्यामार्फत हाप्पो कुठे म्हणून विचारले, तर तिने हातातल्या सुरीने पश्चिमेकडे, मासानकडे, दाखवले. आणि तुमच्या खाडीला काय म्हणता, आजी, असे विचारताच, असा भाबडा प्रश्न कोणी विचारतो का अशा नजरेने पाहून 'हाक्गे' म्हणाली. माझ्यापुरता तो वाद तेथे हाक्गेच्या बाजूने मिटला. ज्यांना तो चालू ठेवायचा असेल त्यांनी आधी त्या पाण्यात दोन तास वल्हे मारून यावे.

चिनी अक्षरे मी तुच्छ लेखीत नाही. पण कोरियन नावांना त्यांनी दरबारी पोशाख चढवला, आणि आतला माणूस कधी कधी शत्रूच्याच दप्तरात सापडतो. उंगछनला त्या युद्धातले जपानी 'कोमोगाई' म्हणत. अक्षरांत अस्वल आणि ओढा, तर किनाऱ्यावरच्या बोलीत अस्वल 'गोम' आणि खाडी 'गे'. सरकारी दप्तराने झाकलेला उच्चार स्वारी करून आलेल्याच्या कानाने जपला, ही इतिहासाची थट्टाच होय.

ब्रॉटनच्या 'चोसान' बंदराविषयी काल तीन मते मांडली गेली. मला तिन्ही मान्य आहेत. त्याने नाव चुकीचे ऐकले असेल, देशाचे चोसन हे नाव बंदराला लावले असेल. पण त्याने बंदराचा नकाशा काढला, आणि तो पाहून ते बुसान आहे याविषयी कोणाही जहाजवाल्याला शंका येत नाही. उलट अठराव्या शतकाच्या अखेरीस कोल्नेट या इंग्रज कप्तानाने कोरियाच्या पूर्वेकडील समुद्रात एका बेटाची जागा चुकीच्या रेखांशावर नोंदली, त्याला आर्गोनॉट हे सुरेख नाव मिळाले, आणि ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्द्याच्या ताफ्याने १७८७ मध्ये पाहिलेल्या दाजले, म्हणजे उल्लुंगदो, या बेटाच्या पश्चिमेस हे नसलेले बेट नकाशांवर अनेक दशके तरंगत राहिले. १८४० मध्ये झीबोल्ट या जर्मन पंडिताच्या नकाशाने जपानी नावे या दोहोंना वाटून दिली आणि त्या समुद्रातल्या बेटांच्या नावांचा जो घोळ झाला तो राजकारणाला आजही पुरतो आहे. नाव चुकले, मापे बरोबर, तर स्थळ सापडते. नाव देखणे आणि माप खोटे, तर बेटच खोटे.

आणि आता वेळही थोडा आहे. पश्चिम किनाऱ्यावर, जिथे इंचनला पाणी तीस फुटांच्या आसपास चढते-उतरते, तिथली खाजणे बांधांनी कोंडली जात आहेत. म्यंगन्यांगनंतर यी सुन-सिनचा ताफा उत्तरेकडे ज्या गोगुन्सान बेटांपर्यंत गेला, त्यांतल्या काहींवर आज सेमानगुमच्या सुमारे ३४ किलोमीटरच्या बांधावरून मोटारीने जाता येते. २०१०मध्ये पुऱ्या झालेल्या त्या बांधाच्या आत जुन्या वावांचे माप घेणार कुठे? तिथे जुने रोजनामे हाच एक दाखला उरला आहे, आणि तो आपण कंटाळवाणा म्हणून कापतो आहोत.

परिषदेने एक स्थळनामकोश हाती घ्यावा, त्यात कोरियन, जपानी आणि युरोपीय नोंदी एकत्र याव्यात, ही माझी इच्छा आहे. खर्च, मुदत आणि माणसे यांचा विचार कार्यकारी मंडळाने करावा, मला त्यात गती नाही. मात्र एक ठराव मी स्वतः मांडतो: यापुढे या परिषदेत किनाऱ्यावरील कोणत्याही स्थळाचा निर्णय करणारा निबंध मूळ तिथी, दिशा, पाण्याची खोली आणि भरतीची स्थिती यांवाचून वाचनास घेतला जाऊ नये, आणि परिषद छापील त्या कोणत्याही रोजनाम्यातला एकही रकाना गाळला जाऊ नये. ठरावास अनुमोदक हवा आहे. काल हाप्पोवर बोललेल्यांपैकीच कोणीतरी उठावे, अशी माझी विनंती आहे.