अधिसभेतील शिक्षक-प्रतिनिधी : मत, प्रश्न आणि अहवाल

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने विद्यापीठाचा कारभार निरनिराळ्या प्राधिकरणांकडे, म्हणजे निर्णयाचा कायदेशीर अधिकार असलेल्या मंडळांकडे, सोपवला आहे. त्यांपैकी अधिसभा, जिला रूढ भाषेत सिनेट म्हणतात, ही अर्थसंकल्पीय तरतुदी आणि समाजाचा प्रतिसाद यांसाठी, विद्यापरिषद अभ्यासविषयक बाबींसाठी, तर व्यवस्थापन परिषद धोरण व अंमलबजावणीसाठी आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाची जडणघडण आणि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांचे कार्य कोल्हापूरच्या श्रोत्यांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की निवडून गेलेल्या शिक्षकाने तेथे करायचे काय. आणि या व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की त्याचे मुख्य काम भाषण नसून लेखी प्रश्न विचारणे, इतिवृत्त म्हणजे बैठकीची अधिकृत नोंद बारकाईने वाचणे आणि मतदारांना लेखी हिशेब देणे हे आहे.

अधिसभेवर निवडून जाण्याचा हा अधिकार आयता मिळालेला नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात अधिसभेचे सदस्य, ज्यांना फेलो म्हणत, ते बहुतांशी सरकार नेमत असे. १९०४च्या कायद्याने काही जागा निवडणुकीसाठी खुल्या झाल्या, तरी बहुमत नियुक्तांचेच राहिले, आणि विद्यापीठे सरकारी नियंत्रणाखाली जातील या कारणास्तव गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्या विधेयकाला कडाडून विरोध केला. गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षक होते, ही बाब येथे गौण नाही.

आजच्या कायद्यानुसार महाविद्यालयीन शिक्षक आपल्यातून १० जणांना अधिसभेवर पाठवतात. त्यांपैकी ५ जागा राखीव आहेत. मतदान पसंतीक्रमाने होते, म्हणजे मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. समजा, ५ खुल्या जागांसाठी १,२०० वैध मते पडली, तर मतांना जागांपेक्षा एकने अधिक संख्येने, म्हणजे ६ने, भागून त्यात १ मिळवला जातो आणि २०१ हा कोटा ठरतो. एखाद्याला पहिल्या पसंतीची २६१ मते मिळाली, तर वरच्या ६० मतांचे मूल्य पुढील पसंतीच्या उमेदवारांकडे वळते, आणि कोणीच कोटा गाठत नसेल तेव्हा तळाचा उमेदवार बाद होऊन त्याच्या मतपत्रिका पुढे सरकतात. या पद्धतीत कोणत्याही एका गटाला, मग ती ‘सुटा’ म्हणून परिचित असलेली शिक्षक संघटना असो वा तिचे विरोधक, पाठिंब्याच्या प्रमाणाबाहेर सर्व जागा बळकावणे कठीण होते. मोजणीच्या उल्लेखाने सभागृहात जी कुजबुज झाली, तिच्यामागे रात्र-रात्र जागवलेल्या मतमोजण्यांच्या आठवणी असाव्यात; परंतु मोजणीचा हा विलंब अल्पमतालाही आवाज देण्याची किंमत आहे, आणि ती देण्याजोगी आहे.

मात्र अधिसभेतून व्यवस्थापन परिषदेवर शिक्षक जातात ते केवळ २. इतक्या थोड्या संख्येने ठराव जिंकता येत नाही. म्हणूनच लेखी प्रश्नाचे महत्त्व. तोंडी टीका टाळ्यांबरोबर विरते, पण अमुक शीर्षाखाली किती तरतूद होती, त्यातील किती खर्च झाली आणि उरलेली का पडून राहिली, या प्रश्नाचे उत्तर प्रशासनाला नोंदीत द्यावे लागते व ते पुढच्या सभेत पुन्हा पुढे ठेवता येते.

प्रतिनिधी केवळ पगाराचे प्रश्न मांडतात, असा आक्षेप श्रोत्यांतून आला आहे. तो पूर्णतः मान्य करता येत नाही, कारण वेतन व नेमणूक यांवरच अध्यापन उभे असते. परंतु त्यातील एक भाग खरा आहे. कायद्याच्या व्याख्येत ‘शिक्षक’ म्हणजे पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक. त्यामुळे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या हिशेबाने मानधन घेऊन, शिकवणारे मतदारयादीबाहेर राहतात. ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी प्रश्न विचारणे हे निवडून आलेल्यांचेच कर्तव्य ठरते.

संयोजकांची वेळेची सूचना आल्याने विद्यापरिषदेचा विषय सोडून द्यावा लागत आहे. या सभागृहात अधिसभेचे आजी-माजी सदस्य उपस्थित आहेत. त्यांनी प्रत्येक बैठकीनंतर, विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरे आणि स्वतः दिलेली मते यांचा दोन पानी अहवाल प्रत्येक महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात लावावा, आणि मतदारांनी तो मागून घ्यावा, ही विनंती.